घरच्या गॅसवर तोनकोत्सु रामेन: सूप पांढरं का होत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: तोनकोत्सु रामेन, म्हणजे डुकराच्या हाडांच्या सूपातल्या जपानी नूडल्स, करायला हाडं सहा तास उकळली, पण सूप राखाडी झालं आणि वर तेल तरंगत राहिलं. व्हिडिओत दिसतं तसं पांढरं, दाट काही आलं नाही. कान्सुई, म्हणजे रामेनच्या नूडल्समध्ये घालायचा क्षार, मिळत नाही म्हणून बाजारच्या हाका नूडल्स घातल्या, त्यांचा वाडग्यात लगदा झाला. घरच्या गॅसवर हे खरंच जमतं का? कुकरमध्ये केलं तर?

जमतं, आणि कुकरमध्येही जमतं. फक्त कुकर उघडल्यानंतरची एक पायरी बहुतेक जण गाळतात, ती पुढे सांगतो. आधी एक गोष्ट: सगळे जण 'बारा तास' या आकड्यात अडकतात. मधले तास गॅसचे असतात, तुमचे नव्हे. तुमचं काम आहे पातेलं चढवण्यापूर्वीचा तासभर आणि वाढतानाची पाच मिनिटं. रामेन बिघडलं की दहातल्या आठ वेळा गडबड या दोन टोकांनाच असते.

आपण बोलतोय ते जपानच्या क्युशू बेटावरच्या पांढऱ्या सूपाबद्दल, म्हणजे तोनकोत्सुबद्दल. डुकराच्या हाडांचं सूप घालून रामेन विकायला सुरुवात झाली ती फुकुओका प्रांतातल्या कुरुमे गावात, 1937 साली, 'नानकिन सेनर्यो' नावाच्या गाडीवर. ते सूप आजच्यासारखं दुधाळ नव्हतं. दुधाळ सूपाचं श्रेय त्याच गावातल्या 'सांक्यू' या दुकानाला देतात. 1947 मध्ये तिथे सूप चुकून जास्त वेळ रटरटत राहिलं, पांढरंधोप झालं, फेकण्याआधी चाखून पाहिलं तर चव भलतीच वर गेलेली, अशी गोष्ट सांगतात. गोष्टीत मीठमसाला असेलही, पण तिचं मर्म खरं आहे. तीच हाडं मंद आचेवर ठेवली की नितळ सूप मिळतं. तोक्योकडची बरीचशी शोयु (जपानी सोया सॉस) रामेन अशा नितळ सूपावर चालतात. तीच हाडं खळखळून उकळली की पांढरं मिळतं. फरक आचेचा आहे. दूध, मलई, कॉर्नफ्लॉवर यातलं काहीही लागत नाही.

असं का होतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचे निम्मे प्रश्न पडणारच नाहीत. डुकराचे पाय, कातडी आणि सांध्यांच्या कूर्चांमध्ये कोलॅजन असतं. तासन्‌तास उष्णता लागली की त्याचं जिलेटिन होऊन ते पाण्यात उतरतं. नळीतला मगज आणि पाठीची चरबी वितळून तेल होतं. पाणी नुसतं शिजत असेल तर तेल मुकाट वर जाऊन बसतं. पाणी रटरटत असेल तर त्या घुसळणीत तेलाचे अतिसूक्ष्म थेंब होतात, जिलेटिन त्यांना वेढून धरतं आणि ते पुन्हा एकत्र येत नाहीत. त्या थेंबांवरून प्रकाश विखुरतो म्हणून सूप पांढरं दिसतं. म्हणजे तीन गोष्टी लागतात: जिलेटिन, चरबी आणि घुसळण. तुमच्या वर्णनावरून चरबी होती, घुसळण नव्हती. राखाडी रंगाचं कारण मात्र वेगळं: रक्त.

आता हाडं. नऊ-दहा वाडग्यांसाठी तीन किलो घ्या. ढोबळ हिशेब असा की एक किलो हाडांमागे शेवटी एक लिटर सूप हाती यावं. त्यात दोन किलो मांडीच्या नळ्या, सांध्याच्या गाठींसकट, आणि एक किलो पाय. वर पाव किलो पाठीची चरबी. नळ्या खाटकाकडूनच मधोमध फोडून आणा, घरच्या सुरीने ते होत नाही. गोव्यात म्हापसा किंवा मडगावच्या बाजारात यातलं काही वेगळं सांगावं लागत नाही. पुण्या-मुंबईत पोर्कच्या दुकानात आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं बरं, कारण गिऱ्हाईक मांस नेतं आणि हाडं बाजूला जातात. किंमत मांसाच्या मानाने किरकोळ. पायांवर केस राहिले असतील तर गॅसच्या ज्योतीवर भाजून सुरीने खरवडून टाका. सूपाला जो गोठ्यासारखा वास येतो तो बऱ्याचदा इथून येतो.

हाडं रात्रभर फ्रिजमध्ये गार पाण्यात बुडवून ठेवा, झोपण्यापूर्वी एकदा पाणी बदला. सकाळी पाणी गुलाबी झालेलं असेल, ते ओतून टाका. मग ताजं गार पाणी घेऊन मोठ्या आचेवर उकळी आणा आणि पंधरा-वीस मिनिटं जोरात उकळू द्या. करड्या-तपकिरी मळीचा जाड थर वर येतो. हे सगळं पाणी मोरीत. 'अर्क वाया गेला' असं वाटून घेऊ नका, एवढ्या वेळात हाडांतून कामाचं काहीच निघालेलं नसतं.

इथे घाई करायची नाही. प्रत्येक हाड नळाखाली हातात घेऊन बघा. नळीच्या फुटलेल्या कडेला, सांध्याच्या खाचेत आणि मांस चिकटलं असेल त्याच्या खाली काळपट-विटकरी गोळे दिसतील. ते शिजलेलं रक्त. चॉपस्टिकच्या टोकाने किंवा जुन्या टूथब्रशने ते उकरून काढा. मगज पांढरट असेल तर राहू द्या, काळा-तपकिरी असेल तर पुढचा भाग खरवडा. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत मळी अडकते, तिथे बोट घालून धुवा. काम संपल्यावर हाडं फिकट, जवळजवळ पांढरी दिसली पाहिजेत. पातेल्याच्या आतला काळपट कंगोराही घासून काढा, नाहीतर धुतलेली हाडं पुन्हा त्याच घाणीत जातील. फुकुओकात ज्या दुकानात मी हे काम शिकलो, तिथे नव्या माणसाला बरेच दिवस सूपाजवळ फिरकू देत नसत. हाडं धुवायला बसवत. त्यातच सगळं शिक्षण होतं.

आता हाडं पुन्हा पातेल्यात, वर चार बोटं पाणी, आच पूर्ण, झाकण किंचित तिरकं. पाणी सतत खळखळत राहिलं पाहिजे. कडेला नुसते बुडबुडे येत असतील तर ते नितळ सूप होतंय, तोनकोत्सु नव्हे. पाणी आटलं की उकळतं पाणी घाला, गार नको. गार पाण्याने उकळी बसते आणि घुसळण थांबते. पहिले चार-पाच तास फार लक्ष द्यावं लागत नाही. त्यानंतर पाय विरघळायला लागतात, गाळ तळाशी बसतो आणि इथेच करपतं. दर वीस-पंचवीस मिनिटांनी लाकडी उलथन्याने तळ खरवडून ढवळा. एकदा बूड लागलं की तो वास कशानेही जात नाही. चरबी साधारण सहाव्या तासाला घाला. कांदा, लसणीचा अख्खा गड्डा आणि आल्याचा तुकडा शेवटच्या तासाला. सुरुवातीला घातले तर त्यांचा गंध उडून जातो आणि शिजून विरलेला गोडसर चोथा सूपात राहतो.

दहा ते बारा तासांत हाडं हलकी, ठिसूळ होतात, सांधे सुटे होतात. गॅसचा हिशेबही ठेवा: मोठा बर्नर बारा तास चालवलात तर सुमारे दोन किलो गॅस जातो. सोसायटीत राहत असाल तर खिडक्या उघडा, एक्झॉस्ट लावा आणि शेजारी डुक्कर न खाणारे असतील तर आधी कल्पना द्या. हा वास दारामागे राहत नाही. जपानमध्येही तोनकोत्सुचं दुकान दिसण्याआधी नाकाला कळतं.

आता कुकर. माझं मत विचाराल तर घरी करणाऱ्याने कुकरच वापरावा. दाबाखाली पाणी 120 अंशांच्या आसपास जातं, त्यामुळे कोलॅजन सुटायला बारा तासांऐवजी अडीच-तीन तास पुरतात. पण बंद कुकरमध्ये मंद आचेवर पाणी फारसं खळबळत नाही, म्हणून उघडल्यावर सूप पिवळसर, अर्धपारदर्शक दिसतं आणि लोक निराश होतात. अर्क उतरलेला असतो, फक्त घुसळण राहिलेली असते. गाळलेली पायरी ती हीच: सगळं मोठ्या पातेल्यात काढा, आच पूर्ण करा, हाडं उलथन्याने ठेचत पाऊण ते एक तास उघड्यावर रटरटू द्या. डोळ्यांदेखत रंग पालटतो.

दोन सूचना मात्र पाळाच. कुकर अर्ध्याहून जास्त भरू नका, कारण चरबी आणि मळी शिट्टीच्या नळीत अडकू शकते. आणि पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा. दीड तासाने वाफ पूर्ण जिरल्यावर उघडून पाणी बघा, कमी असेल तर उकळतं पाणी घालून पुन्हा लावा. मिक्सरचा उपाय काही जण करतात, शिजलेली कातडी आणि चरबी सूपासोबत फिरवून परत ओततात. चालतं, पोतही छान येतो. पण उकळतं सूप भांड्यात अर्ध्याच्या वर घेतलंत तर झाकण उडून छतापर्यंत जाईल. थोडं निवू द्या.

सूप बारीक गाळणीतून गाळा. त्यात मीठ घालू नका. चाखलंत तर सपक लागेल, तसंच लागायला हवं.

खारटपणा येतो तो 'तारे'मधून, म्हणजे वाडग्याच्या तळाशी ओतायच्या गाढ मिश्रणातून. घरी सर्वात जास्त दुर्लक्ष होतं ते याच्याकडे. दहा ग्रॅम कोम्बु (सुकं समुद्री शेवाळ) आणि दोन-तीन सुके शिताके (जपानी अळंबी) 200 मिली पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी मंद आचेवर तापवा, उकळी फुटण्याआधी कोम्बु काढा, नाहीतर बुळबुळीत होतं. मूठभर कात्सुओबुशी (सुकवलेल्या माशाचे पापुद्रे) असेल तर घाला, पाच मिनिटांनी गाळा. त्यात 150 मिली शोयु, 50 मिली मिरिन (स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू) आणि 35 ग्रॅम मीठ घालून एक उकळी द्या. 300 मिली सूपाला यातलं 30 मिली पुरतं, आणि बारा-तेरा वाडग्यांचं काम होतं. शोयु आंबवलेलं, हलक्या रंगाचं घ्या. चायनीजच्या गाडीवरचं डार्क सोया सॉस यात घातलंत तर कॅरमलच्या रंगाने तुमच्या दिवसभराच्या कष्टाचा चहा होईल.

कोम्बुचा आग्रह का, तर त्यातलं ग्लुटामेट. किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये कोम्बुतून तेच वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. मांसात आणि कात्सुओबुशीत इनोसिनेट असतं. दोन्ही एकत्र आले की चव बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. कोम्बु मिळालं नाही तर वाडग्यात चिमूटभर अजिनोमोटो घाला. जपानमधली कितीतरी दुकानं बिनदिक्कत घालतात, आपण सोवळं पाळायचं कारण नाही.

आता नूडल्स, ज्यांचा तुमच्या वाडग्यात लगदा झाला. हाका नूडल्स परतण्यासाठी असतात. गरम सूपात त्या दोन मिनिटं तग धरत नाहीत. रामेनच्या नूडल्सना चिवटपणा, पिवळसर झाक आणि तो विशिष्ट वास येतो अल्कलीमुळे. कान्सुई म्हणजे मुख्यतः सोडियम कार्बोनेट आणि पोटॅशियम कार्बोनेट. घरी खाण्याचा सोडा भाजून सोडियम कार्बोनेट करता येतं: स्टीलच्या ताटलीत 100 ग्रॅम सोडा पसरून ओव्हनमध्ये 120-130 अंशांवर तासभर ठेवा. कार्बन डायॉक्साइड आणि वाफ निघून जाते आणि वजन सुमारे 63 ग्रॅमवर येतं. वजन उतरायचं थांबलं की झालं, अंदाज बांधायची गरज नाही. ॲल्युमिनियमचं भांडं नको, ओला हात लावू नका आणि बरणीवर नाव लिहा, कोणी साधा सोडा समजून ढोकळ्यात घालायला नको. पापडखार चालेल का, असं हमखास विचारतात. जात तीच, पापडाच्या पिठात तो करतोही तेच. पण पुडीगणिक त्यातल्या क्षारांचं प्रमाण बदलतं, त्यामुळे मोजून घालण्यात अर्थ उरत नाही. सोडा भाजा.

चार जणांसाठी 400 ग्रॅम मैदा घ्या. पुडीमागे प्रथिनं बघा, 11-12 टक्के हवीत. ब्रेडसाठीचा मैदा मिळाला तर उत्तम. 150 मिली पाण्यात आधी 5 ग्रॅम भाजलेला सोडा, मग 4 ग्रॅम मीठ विरघळवा. पाणी थोडं थोडं शिंपडत बोटांनी चोळा. गोळा होणार नाही, ओलसर रव्यासारखं दाणेदार दिसेल, आणि प्रत्येकाचा हात इथे पाण्याकडे जातो. घालू नका. हेच मिश्रण पिशवीत भरून दाबा, एक तास ठेवा, मग पास्ता मशीनच्या सर्वात रुंद फटीतून काढा. पहिल्या वेळी कडा फाटतील, पट्टी विस्कटलेली निघेल. घडी घालून पुन्हा काढा. चार-पाच फेऱ्यांत तीच पट्टी कापडासारखी गुळगुळीत होते. हाकाता (फुकुओका शहराचा भाग) पद्धतीला बारीक, सरळ नूडल्स लागतात, म्हणून मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर जाडीवर थांबून बारीक कापा, कॉर्नफ्लॉवर भुरभुरवा आणि एक दिवस फ्रिजमध्ये मुरू द्या. हाकातातली दुकानं याहूनही कोरडं पीठ वापरतात, पण ते यंत्राचं काम, घरी त्याच्या वाटेला जाऊ नये. मशीन नसेल तर पाणी 175 मिली करा, लाटून सुरीने कापा. थोड्या मऊ होतील, पण चांगल्या होतील. सोऱ्या किंवा शेवयांचं यंत्र नको. दाबून पाडलेल्या नूडल्सना लाटण्याघडीने येणारा चिवटपणा येत नाही, त्या तुटतात.

वरच्या गोष्टी पटकन उरकतो. चाशूसाठी, म्हणजे वर ठेवायच्या शिजवलेल्या पोर्कच्या कापांसाठी, किलोभर पोर्क बेली, कातडी काढून, गुंडाळून दोऱ्याने बांधा. सगळीकडून लाल करा. 200 मिली शोयु, 100 मिली मिरिन, 100 मिली साके (तांदळाची दारू), 60 ग्रॅम साखर आणि 600 मिली पाणी यात मंद आचेवर दोन-अडीच तास शिजवा. साके नसेल तर तेवढं पाणी वाढवा. रस्स्यातच गार करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि थंड असतानाच कापा. गरम चाशू सुरीखाली फिसकटतो. अंडी फ्रिजमधून थेट उकळत्या पाण्यात साडेसहा मिनिटं, मग बर्फात. सोलून त्याच रस्स्यात सात-आठ तास. किकुरागे हवं असेल तर सुकी कानासारखी अळंबी मिळतात. पुडीवर 'ब्लॅक फंगस' लिहिलेलं असतं, त्या आजाराशी काही संबंध नाही. भिजवून, उकळून, बारीक चिरा. कांद्याची पात, भाजलेले तीळ आणि लाल आलं, म्हणजे बेनी शोगा.

आता शेवटची पाच मिनिटं. नूडल्सचं पाणी मोठ्या पातेल्यात, चार लिटरच्या खाली नको, मीठ नको. सूप वेगळ्या पातेल्यात पुन्हा खळखळवा आणि व्हिस्कने घुसळा, कारण ठेवल्यावर थोडं तेल वर आलेलं असतं. वाडगी कढत पाण्याने तापवून पुसा. खाणारी मंडळी टेबलावर बसलेली हवीत, हात धुवायला गेलेली नकोत. वाडग्यात आधी तारे, त्यावर लसूण परतलेली चमचाभर डुकराची चरबी, मग नूडल्स पाण्यात सोडा. सुटसुटीत झटकून टाका, घड्याळ लावा: इतक्या बारीक ताज्या नूडल्सना चाळीस-पन्नास सेकंद. तेवढ्यात वाडग्यात सूप ओता. नूडल्स गाळून जोरात झटके द्या, कारण त्यांच्यासोबत येणारं प्रत्येक चमचा पाणी सूप पातळ करतं. वाडग्यात घालून चॉपस्टिकने एकदा उचलून दुमडा. वर चाशूचे दोन काप, पात, किकुरागे. वाढा. फोटो काढायचा असेल तर एकच.

हाकातात नूडल्स किती कडक हव्यात ते गिऱ्हाईक सांगतं: फुत्सू म्हणजे नेहमीच्या, काता म्हणजे कडक, बारिकाता त्याहून कडक. हे चोचले नाहीत. नूडल्स वाडग्यातही शिजत राहतात, म्हणून पाण्यातून किंचित कच्च्याच बाहेर काढायच्या असतात.

सूप बिघडलं तर निदान सोपं आहे. राखाडी म्हणजे धुणं कमी पडलं, आता इलाज नाही, पण खायला हरकत नाही. नितळ आणि तेल वर म्हणजे आच कमी. एक तास पूर्ण आचेवर उकळा. पांढरं पण पाणचट म्हणजे पाणी जास्त, आटवा. पांढरं झालं पण निवल्यावर लगेच फुटलं तर जिलेटिन कमी, पुढच्या वेळी पाय वाढवा. फ्रिजमध्ये ठेवलेलं सूप सकाळी थरथरणाऱ्या जेलीसारखं घट्ट झालं नसेल तरी दोष तोच.

उरलेलं सूप रात्रभर ओट्यावर ठेवू नका. एवढं पौष्टिक, कोमट पातेलं म्हणजे जिवाणूंची पंगत. पातेलं बर्फाच्या पाण्यात बसवून ढवळत गार करा, एकेका वाडग्याच्या मापाने डब्यांत भरा आणि फ्रीझरमध्ये टाका. महिनाभर चांगलं राहतं. हाडं अजून पूर्ण ठिसूळ झाली नसतील तर त्यांनाच दुसरं पाणी घालून तीन-चार तास उकळा. ते पातळ निघतं, पण पुढच्या वेळी साध्या पाण्याऐवजी तेच घातलं की सूप अधिक भारदस्त होतं.

आणि नूडल्सचा एखादा गुंडाळा जास्तीचा ठेवा. फुकुओकातल्या नागाहामा मासळी बाजारात घाईत जेवणाऱ्यांसाठी बारीक नूडल्स झटपट शिजवून देत आणि पोट भरलं नाही तर उरलेल्या सूपात नुसत्या नूडल्स पुन्हा घालत. त्याला काएदामा म्हणतात. घरीही कोणीतरी मागणारच. फक्त दुसऱ्या वेळी सूप पातळ झालेलं असतं, म्हणून नूडल्ससोबत अर्धा चमचा तारे वरून घाला.